हात बाबांचे, आवाज आईचा

बाबा फोनवर एकच शब्द बोलायचे. "देतो." फोन वाजला आणि जवळ दुसरं कुणी नसलं की नाइलाजाने उचलायचे, पलीकडच्याचं ऐकून घ्यायचे आणि "देतो" म्हणून तो आईच्या नाहीतर माझ्या हातात ठेवायचे. आम्ही दोघी घरात नसलो तर फोन वाजून वाजून आपोआप गप्प व्हायचा.

तसे ते घुमे नव्हते. समोरासमोर बरे बोलायचे, एखादा तिरकस विनोदही करायचे. पण छत्तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काढली होती. भिंतीपलीकडे पत्रा ठोकणारे मोठे प्रेस चालायचे. त्या धडधडाटात ओरडून घसा फोडला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलायचे. "आठ-आठ तास जीभ वापरलीच नाही तर ती गंजणार नाही का?" असं आई म्हणायची.

आईची जीभ गंजण्याचा प्रश्नच नव्हता. ती ट्रंक टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, कानाला हेडफोन, आणि या गावची वायर काढून त्या गावच्या भोकात घालायची. दिवसाला शेकडो अनोळखी माणसांशी बोलणं. पुढे फोन थेट लागायला लागले, बोर्ड उखडून नेले, आणि तिला नंबर विचारणाऱ्यांच्या चौकशीवर बसवलं. तिथूनच ती निवृत्त झाली.

दोघांच्या पाळ्या कधी जुळल्या नाहीत. बाबांची सकाळची, आईची बहुतेक दुपारची. मी शाळेतून यायची तेव्हा एक जण न बोलून दमलेला असायचा, आणि दुसरी बोलून दमायला गेलेली. एकमेकांचं काम त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. कारखान्यात बाहेरच्याला सोडत नसत, आणि एक्स्चेंजमध्ये तर नवऱ्यालाही नाही.

निवृत्तीनंतर दोघं दिवसभर समोरासमोर आली आणि काय करावं ते कुणालाच कळेना. आई शेजारणींकडे जाऊन बोलून यायची. बाबा घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. बिजागऱ्या संपल्या.

मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत होते. तिथल्या एका सहकाऱ्याने मला संगणकावर विमान उडवायचा प्रोग्राम दिला. "तुझ्या वडिलांना यंत्रं आवडतात ना? दाखव." एका रविवारी मी तो लावून दिला. बाबा तीन तास खुर्चीवरून उठले नाहीत. चौथ्या तासाला म्हणाले, "हा खेळ नव्हे."

महिन्याभरात पुढची खोली ओळखू येईनाशी झाली. जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बाबांनी ॲल्युमिनियमचे लिव्हर बनवून आणले. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायला एक, उतरताना खाली सोडायच्या पंखांच्या पट्ट्यांना एक. इतके गुळगुळीत की आई म्हणाली, "माझ्या गॅसची बटणं दहा वर्षं अडकतायत, त्याचं काय?" तीही त्यांनी त्याच आठवड्यात करून आणली.

बाबा एका इंजिनाचं छोटं विमान उडवायचे. ते इतकं अलगद उतरवायचे की चाकं टेकली कधी ते मला पडद्यावर कळत नसे. पण त्यांचं घोडं एका ठिकाणी अडलं होतं.

त्या प्रोग्राममधून इंटरनेटवर जाता यायचं. जगभरचे हौशी लोक तिथे एकाच आकाशात उडायचे, आणि तसेच हौशी लोक आपापल्या घरी बसून टॉवरवरून विमानांना सूचना देणारे कंट्रोलर व्हायचे. विमान खोटं, टॉवर खोटा, पण बोलणं खरं. टॉवरवर कुणी बसलेलं असलं तर त्याच्याशी रेडिओवर बोलल्याशिवाय चाक हलवायचं नाही असा नियम. भाषा इंग्रजी, आणि तीही मोजक्या ठरलेल्या वाक्यांची. मी इथे ती आपल्या भाषेत सांगते आहे.

बाबा तीन महिने नुसते ऐकत होते. शाळेच्या वहीत त्यांनी सगळी वाक्यं उतरवून काढली होती. टॉवर काय म्हणतो ते निळ्या शाईने, वैमानिक काय म्हणतो ते काळ्या. सगळं तोंडपाठ. एका दुपारी त्यांनी धीर केला, हेडफोन लावला, बटण दाबलं. मी दारात उभी होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. रेडिओवर नुसता श्वास गेला असावा, कारण टॉवरचा माणूस म्हणाला, "कोण बोलतंय? पुन्हा सांगा." बाबांनी वाकून भिंतीतली इंटरनेटची वायरच उपटली.

"असं काय करता?" मी विचारलं.

"तो वाट बघत होता," बाबा म्हणाले.

"बाबा, त्याला तुम्ही दिसत नाही!"

"म्हणूनच. हात दिसत नाहीत त्याला."

त्यानंतर ते टॉवरवर कुणी नसलेले विमानतळ शोधून काढायचे आणि तिथेच एकटे चकरा मारायचे. ऐकणं मात्र सोडलं नाही. एकदा हेडफोनची पिन सैल झाली आणि रेडिओचं बोलणं खोलीभर ऐकू यायला लागलं. आई आतून मटार सोलता सोलता बाहेर आली, ताट हातातच.

टॉवर म्हणत होता, "डावीकडे वळा, दिशा दोन-सात-शून्य." वैमानिक म्हणाला, "डावीकडे, दोन-सात-शून्य."

"हा परत का म्हणतोय?" आईने विचारलं.

"म्हणावंच लागतं. नीट ऐकलं की नाही ते टॉवरला कळायला."

आईने ताट टेबलावर ठेवलं. "अहो, हे तर आमचं! गिऱ्हाईकाने नंबर सांगितला की एकेक आकडा सुटा करून परत म्हणायचा. पंचेचाळीस म्हणायचं नाही, चार-पाच म्हणायचं. पहिल्या दिवशी शिकवतात." आणि ती तिथेच स्टूल ओढून बसली. मटार दुसऱ्या दिवशी झाले.

बाबांची अडचण कळल्यावर ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "नवीन मुलींचं असंच व्हायचं. एक तर पहिल्या कॉलला रडली होती. मी शिकवते."

मग आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. आई आतल्या खोलीत दार लावून टॉवर व्हायची, बाबा पुढच्या खोलीत. मध्ये मी माझ्या ओळखीच्या दुकानातून आणलेली दोन इंटरकॉमची यंत्रं. आईचे नियम साधे होते. आधी ऐका, दुसरा बोलत असेल तर त्याचं होऊ द्या. बटण दाबा, क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मग चारच गोष्टी: कुणाला हाक मारताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय पाहिजे. "पाचवी गोष्ट सांगायची नाही," ती म्हणायची. "लाइन तुमच्या एकट्याची नसते."

बाबांच्या विमानाचं नाव तीन अक्षरांचं होतं, आणि ती अक्षरं रेडिओवर ठरलेल्या शब्दांनी म्हणायची. किलो टँगो माइक. ओळख झाली की टॉवर नुसतं टँगो माइक म्हणायचा. पहिल्या दिवशी आई दारामागून म्हणाली, "किती किलो?" आणि बाबा इतके हसले की शिकवणी तिथेच संपली.

आईशी ते हळूहळू छान बोलायला लागले. पण खऱ्या रेडिओवर पुन्हा तेच. बटण दाबलं की तोंडाला कुलूप. दोन-तीनदा असं झाल्यावर बाबांनी हेडफोन काढून आईच्या मांडीवर ठेवला.

"तू बोल," ते म्हणाले. "मी उडवतो."

"मला काय कळतं त्या विमानातलं?"

"मी सांगतो ना."

पण हेडफोन आईच्या कानावर, रेडिओ चालू, आणि बाबांना बोलून सांगायची पंचाईत, कारण मध्येच बोललं तर तिला टॉवर ऐकू यायचा नाही. तेव्हा बाबांनी डावा हात उचलला आणि बोटं हलवली. कारखान्यातली ती बोली आम्ही दोघींनी पहिल्यांदाच पाहिली. आकडे बोटांवर, शेकडा असेल तर तीच बोटं कोपरावर टेकवायची. तळहात खाली म्हणजे उतरतोय. मूठ म्हणजे थांब. तर्जनी फिरवली म्हणजे चालू दे. कान ओढला म्हणजे साहेब आला. शेवटची खूण ते मी खोलीत शिरले की करायचे.

आईने आठवड्याभरात सगळी बोली उचलली. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघं बसायची. बाबांची नजर पडद्यावर, उजवा हात दांड्यावर, डावा हात हवेत. आई शेजारी स्टुलावर ताठ, पदर खोचून, डोळे बाबांच्या बोटांवर. आणि मग तिचा तो आवाज निघायचा. घरात मला हाका मारायचा, शिकवणीत बाबांना शिकवायचा तो नव्हे. सपाट, स्वच्छ, न घाई न लाड. "टॉवर, किलो टँगो माइक, तलावाच्या उत्तरेला, उंची दोन हजार, उतरायचंय." टॉवरने सांगितलेलं ती परत म्हणायची, त्यावरून बाबांना कळायचं.

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा बाबांची बोटं हवेतच थांबली. विमान जरा कलंडलंसुद्धा.

"काय झालं?" आईने बटण सोडून विचारलं.

"काही नाही. असं बोलायचीस होय तू तिथे?"

"मग कसं बोलणार?"

बाबांनी विमान सरळ केलं. संध्याकाळी मला मात्र म्हणाले, "तीस वर्षं ही रोज असं बोलत होती, आणि आपण ऐकलंच नाही."

आईचंही तसंच झालं होतं. ती स्वयंपाकघरात एकटी असताना ओट्यापाशी उभी राहून बोटं कोपरावर टेकवून बघायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "अगं, किती बारीक काम आहे. मला वाटायचं नुसतं लोखंड कापतात."

असं वर्षभर चाललं. कंट्रोलर लोकांना बाईंचा आवाज ओळखीचा झाला. सगळ्यांना वाटायचं, ही बाईच काय ते उडवते. एकाने तर उतरल्यावर "कॅप्टन, सुंदर उतरवलंत" असं म्हटलं. आईने थंडपणे उत्तर दिलं, "कॅप्टन शेजारी बसलेत. मी नुसती बोलते." ही पाचवी गोष्ट होती, पण तिने स्वतःचा नियम तेवढा एकदाच मोडला.

मग मावशी जिन्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला दुसरं कुणी नव्हतं. आई बॅग भरून दोन महिन्यांसाठी तिच्या गावी गेली. जाताना मला दूधवाल्याचं, पाण्याच्या टाकीचं, सगळं सांगितलं, आणि बाबांना एवढंच म्हणाली, "उडवणं सोडू नका."

बाबांनी सोडलं नाही, पण पुन्हा ओसाड विमानतळांवर गेले. स्टूल तिथेच, हेडफोन त्यांच्या कानावर, बटणाला मात्र हात नाही. मी कधी स्टुलावर जाऊन बसले तर कान ओढायचे नाहीत. मला ते बरं वाटायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मला सुट्टी होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा एका लहानशा विमानतळाकडे निघाले होते. टॉवरवर कुणी नाही हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. अर्ध्या वाटेत पडद्यावर ओळ उमटली: टॉवर सुरू झाला आहे, रेडिओवर संपर्क करा. कुणीतरी कंट्रोलर आत्ताच येऊन बसला होता.

बाबांचा हात वायरीकडे गेला. मी म्हटलं, "बाबा, उपटू नका. ऐकून तर बघा."

टॉवरवर एक बाई होती. थोडा बसका, वयस्कर आवाज. "किलो टँगो माइक, टॉवर. आवाज येतो का?" बाबा गप्प. तिने पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "टँगो माइक, ऐकू येत असेल तर उजवीकडे वळा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दांडा उजवीकडे नेला.

"वळताना दिसताय," बाई म्हणाली. जणू असं रोजच होतं. "तुमचा रेडिओ बिघडलाय असं मी धरून चालते. काही हरकत नाही. मी सांगत जाते, तुम्ही करत जा. आता दिशा शून्य-नऊ-शून्य." बाबा वळले. "छान. दीड हजारावर उतरा." बाबा उतरले. ती एकेक वाक्य सांगायची, मध्ये इतर विमानांशी बोलायची, आणि न विसरता पुन्हा बाबांकडे यायची. तिला सगळं समजलं होतं असं मला आजही वाटतं. बिघडलेला रेडिओ कुठला ते तिला नक्की कळलं होतं. पण तिने तसं एका शब्दानेही दाखवलं नाही.

"टँगो माइक, रनवे दोन-सात, उतरायला परवानगी आहे."

रनवे समोर सरळ दिसत होता. बाबांनी पट्ट्या सोडल्या, वेग कमी केला. आणि तेवढ्यात खालून, बाजूच्या रस्त्याने, एक विमान न विचारता थेट रनवेवर येऊन उभं राहिलं. कुणी नवखा असेल. बाई त्याच क्षणी दूरच्या दुसऱ्या कुणाला तरी लांबलचक सूचना देत होती. तिचं लक्ष नव्हतं. बाबांची मान पुढे आली. मला वाटलं, ते आता विमान वर खेचतील आणि गप्पपणे निघून जातील. त्यांनी लिव्हर पुढे ढकलला, विमान वर उचललं, बाईचं वाक्य संपेपर्यंत थांबले, बटण दाबलं, क्षणभर थांबले.

"टॉवर, टँगो माइक. रनवेवर विमान आहे. उतरत नाही, पुन्हा फेरी घेतोय."

खोलीत बाबांचा आवाज. खणखणीत, सपाट, एकही शब्द न कापलेला. माझ्या हातातला चहा सांडला.

मग बाई म्हणाली, "टँगो माइक, समजलं, बरं केलंत. माझ्या नजरेतून सुटलं होतं. डावीकडून फेरी घ्या, दीड हजार."

"डावीकडून, दीड हजार, टँगो माइक."

"आवाज स्वच्छ येतोय," ती म्हणाली, आणि मग त्या नवख्याला रनवेवरून बाजूला घ्यायला लागली. रागावली त्याच्यावरही नाही.

बाबा उतरले. विमान जागेवर नेऊन उभं केलं, इंजिन बंद केलं, सगळं परत म्हणत. शेवटी बाईने "शुभ दिवस" म्हटलं, यांनीही म्हटलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मला वाटलं डोळे पुसताहेत, पण घाम होता. बहुतेक.

"आईला सांगू?" मी म्हटलं.

"मी सांगतो."

त्यांनी मावशीचा नंबर स्वतः फिरवला. आई घाबरून म्हणाली, "काय झालं? पोरगी बरी आहे ना?" कारण लग्नानंतर बाबांनी तिला केलेला तो पहिला फोन होता. बाबांनी सगळं सांगितलं. किती उंची, कुठली दिशा, ते विमान कुठून आलं. वीस मिनिटं बोलत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत राहिले.

दोन महिन्यांनी आई परत आली. त्या रविवारी बाबांनी स्टूल पुसून ठेवलं, हेडफोनबरोबर एक छोटा स्पीकर लावला, म्हणजे दोघांना ऐकू येईल. आई बसली. बाबा उडाले, बाबा बोलले. तिचे हात मांडीवर तसेच पडून होते, काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. उतरून झाल्यावर ती म्हणाली, "शेवटचा आकडा गिळलात तुम्ही." मग उठून आत गेली. मागोमाग मीही गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"आई, तुला वाईट वाटलं का?"

"वाईट कशाला? चांगलंच झालं." मग ओटा पुसत म्हणाली, "पण मला मजा यायची गं."

बाबांना ते न सांगता कळलं असावं. पुढच्या रविवारी जाताना ते बोलले आणि परतीच्या वाटेवर हेडफोन तिच्या कानाला लावला. मग तशी वाटणीच पडली. जाताना बाबा, येताना आई. भांडणंही व्हायला लागली. "माझी पाळी अजून संपली नाही, डोंगर ओलांडू द्या की." त्या बसक्या आवाजाच्या बाईला आम्ही पुष्कळ शोधलं. दोनदा ती पुन्हा भेटली, मग दिसेनाशी झाली. तिथे कुणी खरं नाव लावत नसे, त्यामुळे विचारणार तरी कुणाला?

चार वर्षं गेली अशी. मग बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. भिंगं घासणं माझं रोजचं काम, पण या दुखण्यावर भिंग चालत नाही. घड्याळांचे काटे त्यांना वाकडे दिसायला लागले. एके दिवशी म्हणाले, "आता पुरे." आम्ही संगणक एका शाळेला दिला. कुठलं उड्डाण शेवटचं होतं ते आम्हा तिघांनाही नीट आठवत नाही. आई म्हणते तलावाजवळचं, बाबा म्हणतात नाही, डोंगरापलीकडचं, त्या दिवशी ढग होते.

गेल्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदा खऱ्या विमानात बसवलं. बाबांना खिडकीची जागा दिली. पंखाच्या पट्ट्या हलल्या तेवढ्या त्यांनी पाहिल्या आणि सरळ झोपी गेले. आईने मात्र विमान सुटल्यासुटल्या हवाईसुंदरीला बोलावलं.

"बाळ, टॉवरचं बोलणं कुठून ऐकायला मिळतं?"

"ते प्रवाशांना ऐकवत नाहीत, आजी."

"अजिबात नाही?"

"नाही. चित्रपट आहेत, गाणी आहेत."

आई माझ्याकडे वळली. "हे काय गं," ती म्हणाली. "मग दोन तास नुसतं बसून राहायचं?"